दोष कुणाचा, आळ कुणावर

गेली अठ्ठावीस वर्षे मी शेतकी खात्यात विस्ताराचे काम करतो आहे. खताचा हप्ता कधी द्यावा, हरभऱ्यावर घाटेअळी आली तर काय करावे, माती तपासायला कशी न्यावी, हे लोक मला विचारतात आणि मी सांगतो. घरातल्या फ्रीजविषयी मला आजवर कुणी विचारलेले नाही. पण आज लिहितो आहे ते फ्रीजविषयीच. कारण आमच्या फ्रीजपायी मी माझ्या जन्मदात्या आईवर चोरीचा आळ घेतला, आणि तेवढ्यावर न थांबता तिच्या जिवावर बेतण्याची वेळ आणली. असे दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये म्हणून घरातली गोष्ट चार लोकांत सांगतो आहे.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली. गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले. सकाळ-संध्याकाळ सौ. तिला टोचून देते. हे औषध थंड जागी ठेवावे लागते, आणि आमच्याकडचा उन्हाळा तर सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे २०२१ च्या दिवाळीत जुना एकदारी फ्रीज काढून दोन दारांचा नवा घेतला. यात बर्फ खरवडायची कटकट नाही, आणि दारावर आत किती थंडावा आहे त्याचा आकडा उजळतो. आमच्या दारावर नेहमी ४ दिसायचा. त्या आकड्यावर आमची भारी भिस्त. औषधाला २ ते ८ अंश पाहिजेत आणि फ्रीज ४ दाखवतो आहे, मग काळजी कसली! सौ. ने कुपी वरच्या फळीवर अगदी मागे, भिंतीला टेकवून ठेवायला सुरुवात केली. मुलांचा हात लागू नये आणि थंडावा भरपूर मिळावा, हा तिचा हेतू.

तिळाचे लाडू

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील. आईची उपाशीपोटीची साखर एरवी एकशेतीस-चाळीसच्या घरात असे, ती एकदम तीनशेदहा आली. दोन दिवसांनी तीनशेचाळीस. आई सारखी पाणी मागे, रात्रीतून चार-पाचदा उठे, तिचे पाय गळून गेले. तोंड उतरले.

आता घरात संक्रांतीचे लाडू होते. सौ. ने डबा काढून मोजले तर पाच कमी. पोराबाळांचे घर, आल्यागेल्यांचा राबता, पाच लाडू कुठे गेले याचा हिशेब कुणी ठेवतो का? पण त्या दिवशी आम्ही तो हिशेब आईच्या नावावर मांडला.

मी म्हणालो, "आई, लाडू खाल्लेस तर सांग. रागावणार नाही."

"म्या न्हाई खाल्लं रं. तिळगूळ म्हणून वाईच तोंडात टाकला हुता, त्यो बी सणाच्या दिशी. तुज्या म्होरंच की."

"मग साखर एवढी कशी वाढली? मशीन काय खोटं बोलतंय? माणूस खोटं बोलंल, मशीन नाही बोलत."

हे वाक्य मी आईला बोललो. ती काही न बोलता गोधडीत तोंड फिरवून झोपली. लाडवांचा डबा आम्ही वरच्या फडताळात कुलूप लावून ठेवला. ज्या बाईने आम्हा चार भावंडांना वाढताना स्वतःच्या ताटात काय आहे हे कधी पाहिले नाही, तिच्यासमोर कुलूप घातले.

त्याच दिवसांत आई सौ. ला दोनतीनदा म्हणाली होती, "सूनबाई, ह्ये औषिद बग गं, नासल्या दुधावानी दिसतंया. काचंला कण धरल्यात." आईचे इन्सुलिन दुधाळ रंगाचे असते. टोचण्यापूर्वी कुपी तळव्यांत हलके घोळवावी लागते, म्हणजे ते एकसारखे होते. सौ. ने घोळवून पाहिले, कुपीवरची तारीख पाहिली. मुदत पुढच्या वर्षाची होती. "नाही हो आई, चांगलं आहे," म्हणून तिने टोचले. आईला अक्षर येत नाही. पण साठ वर्षे तिने दूध तापवले आहे, विरजले आहे. नासलेले दूध कसे दिसते हे तिच्याइतके कुणाला कळणार? पण आम्ही शिकलेली माणसे. आम्ही तारीख वाचली.

आणखीही खुणा होत्या. कोथिंबीर काळी पडून पाणी सुटत होते. दुधाच्या पातेल्यात कडेने बर्फाचे पापुद्रे दिसत. एक-दोन अंडी तडकली होती. रात्री फ्रीजची घरघर थांबतच नसे, विजेचे बिलही चढले होते. हे सगळे आम्ही पाहिले, पण सुटे सुटे पाहिले. कोथिंबिरीचा दोष बाजारवाल्याला दिला, बर्फाचा दोष थंडीला दिला आणि साखरेचा दोष आईला दिला.

पहाटे तीनची वेळ

तालुक्याच्या डॉक्टरांनी आकडे पाहिले, पथ्याविषयी विचारले. मी सांगितले, "चोरून गोड खातेय असं वाटतं." आई शेजारीच बसली होती. डॉक्टरांनी इन्सुलिन अठरा युनिटवरून हळूहळू वाढवत अठ्ठावीसवर नेले. तरी साखर हटेना. तेवढ्यात घरातली कुपी संपत आली, म्हणून मी तालुक्याहून दोन नव्या आणल्या. औषधवाल्याने त्या बर्फाच्या लादीवर, मधे जाड कागद घालून, नीट बांधून दिल्या होत्या. त्यातली एक सौ. ने तिथल्या तिथे फोडली आणि संध्याकाळचे इंजेक्शन दिले. दुसरी फ्रीजमध्ये, नेहमीच्या जागी मागे ठेवली.

पहाटे तीनच्या सुमारास आईच्या बांगड्यांच्या आवाजाने मला जाग आली. दिवा लावून पाहतो तो जानेवारीच्या थंडीत ती घामाने भिजलेली, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. बोटाला सुई टोचून साखर पाहिली. सेहेचाळीस! सत्तरच्या खाली गेली तरी काळजीची, इथे सेहेचाळीस. नशीब की तिला गिळता येत होते. सौ. ने चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घोटघोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले तेव्हा ब्याऐंशी झाली. मग थोडी भाकरी दुधात कुस्करून दिली. ती पंधरा मिनिटे मला अजून आठवतात. ज्या साखरेवरून आम्ही तिला बोललो, तीच साखर तिच्या तोंडात घालून आम्ही देवाचा धावा करीत होतो. (माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, श्वासनलिकेत जाते. अशा वेळी गाडी काढून दवाखानाच गाठावा.)

सकाळी निघताना आईनेच सांगितले, "त्या बाटल्या बी संगं घे." मी तिन्ही कुप्या घेतल्या. रात्री फ्रीजमध्ये ठेवलेली नवी कुपी हातात घेतली तर आत काचेला लागून बर्फ धरलेला.

डॉक्टरांनी जुनी कुपी खिडकीच्या उजेडात धरली. घोळवली, पुन्हा धरली. काचेला बारीक पांढरे कण चिकटलेले होते. ते म्हणाले, "हे औषध गोठलेलं आहे. एकदा गोठलं की वितळल्यावरही ते पहिल्यासारखं होत नाही, त्यातली ताकद जाते. तुम्ही इतके दिवस जवळजवळ पाणीच टोचत होता. साखर उतरेना म्हणून मी मात्रा वाढवत गेलो. काल ताजं औषध मिळालं, आणि मात्रा वाढलेली. म्हणून साखर एकदम घसरली." मग आईकडे वळून म्हणाले, "आजी, तुम्ही काही खाल्लेलं नव्हतं."

आई म्हणाली, "मी तेच सांगत हुते, पर इथं कोन ऐकतंय."

मी मान खाली घातली. दुसरे काय करणार!

आधी मापाचे माप

घरी आलो. दारावर आकडा उजळलेलाच होता: ४. आत गोठण आणि बाहेर चार अंश! आता मला माझा धंदा आठवला.

माती तपासणीच्या कामात आम्ही सामू मोजतो. त्याचे यंत्र रोज सकाळी आधी ठरावीक सामूच्या द्रावणात बुडवतात. चारच्या द्रावणात चार आणि सातच्या द्रावणात सात दाखवले, तरच त्या दिवशी शेतकऱ्याची माती त्याच्यापुढे ठेवायची. एकदा एका शेतकऱ्याच्या अहवालात सामू भलताच चढा आला. तो बिचारा जिप्समच्या गोण्या आणायला निघाला होता. पुन्हा तपासले तेव्हा कळले की माती चांगली होती, यंत्राची कांडीच सुकून बिघडली होती. तेव्हापासून मी सभेत सांगत आलो आहे की मापावर विश्वास ठेवण्याआधी मापाचे माप घ्या. हे मी शंभर गावांत सांगितले असेल. घरात मात्र दारावरचा आकडा हेच सत्य धरून बसलो.

माझ्या पिशवीत जमिनीचे तापमान मोजायचा काचेचा तापमापक असतो. आधी त्याचीच परीक्षा घेतली. बर्फ फोडून पेला भरला, त्यात थोडे पाणी ओतले. वितळत्या बर्फाचे तापमान शून्य अंश असते, हे आपण सातवी-आठवीत शिकलो आहोत. फुकटात मिळणारे असे खात्रीचे माप दुसरे नाही. तापमापक पाच मिनिटे त्यात ठेवला, पारा शून्यावर येऊन थांबला. साक्षीदार खरा निघाला. मग तो फ्रीजच्या वरच्या फळीवर मागे ठेवला, आणि मधल्या फळीवर एक पेला साधे पाणी. दार बंद. सकाळी पाहिले तर तापमापक शून्याखाली दोन अंश, आणि पेल्यातल्या पाण्यावर साय धरावी तशी बर्फाची पापडी. दारावर आकडा ४.

दुरुस्तीसाठी एका मिस्त्रीला बोलावले. त्याने कळ दाबून पाहिली, आतले झाकण काढले, मीटर लावला आणि म्हणाला, "सेन्सर ठीक आहे. बोर्ड गेलाय. साडेचार हजार होतील." दुसरा आला, तो म्हणाला, "गॅस कमीजास्त झालाय." मला पटेना. गॅस कमी असता तर थंडावा कमी झाला असता. इथे थंडावा उतू चालला होता.

आमच्या बोळात एक मुलगा आहे, आयटीआय झालेला. मोटारी भरतो, घरोघरची विजेची कामे करतो. त्याला विचारले. तो म्हणाला, "काका, बोर्ड बदलायच्या आधी सेन्सर बर्फात घालून बघू. गरम हवेत तो खरंच बोलतो, थंडीत खोटं बोलतो, असंही होतं."

आधी त्याने फ्रीजचा प्लग काढला. मग आतले झाकण सोडवून, त्यामागून दोन तारांच्या टोकाला असलेला चिंचोक्याएवढा काळा मणी बाहेर काढला. हाच तो सेन्सर. एवढ्याशा मण्यावर अख्खा फ्रीज चालतो!

त्याचे काम कसे, ते सांगतो. जुन्या काळी पाटील वाड्यात बसलेला असायचा. शिवारात काय चालले आहे हे त्याला जागल्या येऊन सांगायचा, आणि त्यावर पाटील हुकूम द्यायचा. फ्रीजमधला बोर्ड म्हणजे पाटील आणि हा मणी म्हणजे जागल्या. मण्यातून बारीकशी वीज जाते. थंडी वाढली की तिच्या वाटेतला अडथळा वाढतो, उबारा आला की कमी होतो. अडथळ्यावरून बोर्ड ओळखतो की आत किती अंश आहेत. गरम असेल तर यंत्र चालू ठेवतो, पुरेसे थंड झाले की बंद करतो. दारावरचा आकडाही याच जागल्याच्या सांगण्यावरून उजळतो. जागल्याची तार तुटली किंवा तो पार जळाला, तर पुष्कळ फ्रीज आकड्याच्या जागी बिघाडाची खूण दाखवून ओरडतात. पण जागल्या हजर असून थोडेथोडे खोटे सांगत असेल, तर पाटलाला संशय यायचे कारणच नाही.

आमच्या फ्रीजमधला मणी पंचवीस अंशाला दहा हजार ओहम अडथळा दाखवणारा होता. (सगळ्या फ्रीजना हाच नसतो, कुणाला पाच हजाराचा असतो, कुणाला आणखी वेगळा. त्या त्या मॉडेलच्या तक्त्यात पाहावे लागते.) पोराने मीटर लावला. खोलीच्या हवेत नऊ हजारांच्या आसपास आले. "हेच बघून मिस्त्री ठीक म्हणाला असेल," तो म्हणाला. मग मणी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचे तोंड वर धरून, वितळत्या बर्फाच्या पेल्यात बुडवला. दहा मिनिटे थांबलो. शून्य अंशाला त्याने तेहतीस हजारांच्या आसपास दाखवायला हवे होते. आकडा चढत गेला आणि पंचविसावर येऊन थांबला. तक्त्यात पाहिले तर पंचवीस हजार म्हणजे जवळपास सहा अंश!

म्हणजे बर्फात बसून जागल्या पाटलाला सांगत होता, "सहा अंश आहेत, गरम होतंय." पाटील यंत्र चालवत राहायचा. शून्याच्या खाली दोन अंश गेले की जागल्या म्हणायचा, "आता चार झाले." मग दारावर ४ उजळायचा. यंत्राने हुकूम चोख पाळला होता. खबरच खोटी होती.

पोराने मणी उजेडात धरला. त्याच्या कवचाला केसाएवढी चीर गेलेली होती. तिच्यातून ओल आत शिरली होती. ओल शिरली की विजेला दुसरी चोरवाट मिळते आणि अडथळा आहे त्यापेक्षा कमी भासतो. पाटाला खेकड्याने भोक पाडावे तसे हे. पाट भरून वाहत असताना त्या भोकाने काही अडत नाही, कुणाला कळतही नाही. पण पाणी कमी झाले की सगळे त्या भोकातूनच जाते. तसेच गरम हवेत मण्याची मुख्य वाट मोकळी असते, म्हणून चोरवाट जाणवत नाही. थंडीत मुख्य वाट अरुंद होते, आणि मग चोरवाटेचा घोळ दिसतो. खोलीत तपासले तर जवळपास बरोबर आणि बर्फात तपासले तर चूक, याचे कारण हे. तो मणी आम्ही दोन दिवस उन्हात वाळवला आणि पुन्हा बर्फात घातला, तर आकडा बराचसा ताळ्यावर आला. ओलीचाच खेळ होता याची खात्री पटली. पण चीर गेलेला मणी परत बसवायचा नसतो, पुन्हा ओल धरतो. त्या मॉडेलचा नवा मणी अडीचशे रुपयांना आला. बसवण्याआधी त्यालाही बर्फाच्या पेल्यात घातला. तेहतीस हजार. मग बसवला. दुसऱ्या दिवशी काचेचा तापमापक आणि दारावरचा आकडा दोघेही चारच्या घरात आले. साडेचार हजारांचा बोर्ड वाचला, पण पैशाचे मला फारसे काही वाटले नाही.

घरोघर करता येईल असे

हे सगळे प्रत्येकाने करावे असे माझे म्हणणे नाही. मीटर लावणे, झाकण काढणे ही जाणत्याची कामे. हल्लीच्या पुष्कळ फ्रीजमध्ये पेट घेणारा वायू भरलेला असतो, म्हणून आतला बर्फ सुरीने किंवा खिळ्याने कधीही टोकरू नये. पण पुढच्या गोष्टी कोणत्याही घरात होतील.

एक साधा तापमापक आणावा. तो आधी वितळत्या बर्फात शून्य दाखवतो का ते पाहावे, मग फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवून सकाळी दार उघडताक्षणी वाचावा. दोन ते आठच्या बाहेर असेल तर आधी सोप्या गोष्टी तपासाव्यात. कळ कुणी फिरवली का? दाराचे रबर घट्ट बसते का? दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज निसटला तर रबर सैल. फ्रीज भिंतीला अगदी चिकटवला आहे का, मागे धूळ साचली आहे का? हे सगळे ठीक असूनही आकडा आणि तापमापक यांचे जुळत नसेल, तर मिस्त्रीला सांगावे, "बाबा, बोर्ड किंवा गॅस म्हणण्याआधी सेन्सर बर्फात घालून दाखव."

एकदारी साध्या फ्रीजमध्ये असा मणी सहसा नसतो. तिथे एक बारीक तांब्याची नळी असते, तिच्यात वायू भरलेला असतो, आणि तिचे टोक बर्फाच्या पत्र्याला चिमट्याने धरलेले असते. तो चिमटा निसटला तर नळीला थंडी कळत नाही आणि फ्रीज थांबता थांबत नाही. नळीतला वायू निघून गेला तर उलट, यंत्र सुरूच होत नाही. जागल्या वेगळा, पण गाऱ्हाणे तेच.

आणि ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी ते फ्रीजच्या मागच्या भिंतीला, थंड हवा येते त्या भोकापाशी किंवा बर्फाच्या खणात ठेवू नये. मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, डब्यात ठेवावे. गोठलेले औषध वितळले तरी वापरू नये, टाकून द्यावे. वापरात असलेली कुपी बेताच्या थंड जागेत, पंचवीस-तीस अंशांच्या आत, साधारण चार आठवडे टिकते. फ्रीज नसेल तर मोठ्या मातीच्या कुंड्यात ओली वाळू घालून, तिच्यावर लहान मडके बसवून, त्यात कोरड्या डबीत ठेवावी. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात मडके चांगले काम देते. जनावरांच्या लाळ्या-खुरकुताच्या लसीचेही हेच. तीही दोन ते आठ अंशांतच ठेवायची आणि गोठू द्यायची नाही. गोठलेली लस टोचून आपण निर्धास्त राहतो, आणि साथ आली की गोठा बसतो.

अचानक साखर वाढली तर माणसाला दोष देण्याआधी औषध उजेडात धरून पाहा. औषधाची मात्रा वाढवण्याआधी ते औषध चांगले आहे का हे डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडून हे झाले नाही.

मणी बसवला त्या दिवशी संध्याकाळी मी आईजवळ जाऊन बसलो. माफी मागायची सवय आम्हा शेतकरी पुरुषांना नसते. शब्द सापडत नव्हते. शेवटी म्हणालो, "आई, चुकलं. फ्रीजचा दोष होता, तुझ्यावर घातला."

ती वाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या फ्रीजाला तू दोन दिस बर्फात घालून, उन्हात वाळवून तपासलंस. मला एक डाव बी नीट इचारलं न्हाईस. आधीच ठरवून आला हुतास." थोड्या वेळाने म्हणाली, "जाऊ दे. लाडवाच्या डब्याचं कुलूप काढ. पोरं मागत्यात."

सौ. ने त्याच क्षणी कुलूप काढले. त्यानंतर आमच्या घरात ते कुलूप पुन्हा कशाला लागलेले नाही.

काचेचा तापमापक तेव्हापासून फ्रीजमध्येच असतो. कचेरीच्या कामाला मी दुसरा घेतला. आणि इंजेक्शनच्या आधी कुपी आता सौ. च्या हातून आईच्या हातात जाते. आई ती दारातल्या उजेडात धरते, डोळे बारीक करून काचेच्या कडा पाहते, आणि "हां, चांगलं हाय" म्हणाली की मगच सुई टोचली जाते.